मोजा

कॅम्पात दुकान माझं. पाटीवर कन्नड वर, ठळक,
खाली मराठी, बारीक; हावळमधला ळ उन्हानं खाल्लेला.
परदेशी सरावाला जायच्या आधी पोरं इथंच येतात.
देशाचं नाव सांगतात, मी विसरतो.
मला माप कळतं.
कंबर, छाती, बाही,
आणि खांद्याला बिल्ला: दोन झेंडे, मधे मिळवलेले हात.
नग एकशेवीस, दर अकरा रुपये.
बिल वर गेलंय. अजून वरच आहे.

बाकड्यावर बेनके सुभेदार. निवृत्त. पेपर रोज माझाच.
"मोजा की ओ, हावळ! नुसतं विमानाचं तेल मोजा,
जांबोटीचा रस्ता दोनदा झाला असता."
"झाला असता कशावरून?" पिग्मीवाला पावती फाडत म्हणतो.
"आम्ही येळ्ळूरच्या डोंगरावर पळूनच शिकलो.
कोण परदेशी आलता शिकवायला?"
"आणि तुमचा गुडघा, सुभेदार?"
सुभेदार पान उलटतात.

फेब्रुवारीत परत आले सगळे.
कंबर दोन इंच कमी. छाती तीच.
पँटी आत घ्यायला ढीग पडला.
टेप खोटं बोलत नाही,
पण विचारलं तेवढंच सांगतो.

नागोजी शेवटी आला. बेकिनकेऱ्याचा, गुरवांचा.
"काय करूलायसा?"
"शटर ओढूलोय. बोल."
काउंटरवर हातमोजा ठेवला, डावा.
"ही दोन बोटं शिवून बंद करायची."
"उसवलीत?"
"नाही. मोजा चांगला आहे."

मग मी त्याच्या हाताकडे बघितलं.

रात्रीचा ओढा, म्हणाला, वर बर्फ, खाली पाणी.
एक मोजा वाहून गेला.
त्यांच्यातला एक होता जोडीला;
त्यानं माझा हात त्याच्या काखेत धरला,
कोटाच्या आत, तासभर.
तीन राहिली ती त्याच्यामुळं.
"बोललात काय?"
"तो शिव्या देत असावा. मी पण दिल्या, आपल्या."
"नाव?"
"सांगितलं त्यानं. तोंडात बसेना."

खिशातून बिल्ला काढला, त्यांच्याकडचा.
"माझा त्याला दिला. म्हणजे तुमचा.
हा वर्दीवर चालत नाही. आतनं लावा, खिशाच्या आत."

बिल्ला मागून वाचायचा असतो.
दिव्याखाली उलटा धरला:
दोरा ताणलेला, घाईचं काम, बहुतेक रात्रीचं,
एका कडेला मशीन घसरलेलं.
पण शेवट हातानं केलेला. दोन वेढे, एक गाठ,
आणि दोरा कात्रीनं नव्हे, दातानं तोडलेला.
याच गाठीसाठी खडेबाजारात
गौससाहेबांची पट्टी खाल्ली मी बोटांवर, अख्खा एक पावसाळा.
म्हणजे तिकडंही कुणीतरी बसला असेल,
चष्मा कपाळावर, बिल वर गेलेलं.

बोटं आत दुमडली, फुगू नयेत म्हणून,
आणि आतूनच टाके घातले.
नागोजीनं मोजा घालून बघितला, मूठ वळली.
"जमलं," म्हणाला.
उजव्या हातानं परत काढला.

सुभेदारांचा पेपर बाकड्यावरच राहिला होता,
आकडा छापलेलं पान वर. किती शून्यं, मी मोजली नाहीत.
मोजा त्यातच गुंडाळून दिला.
"किती झाले?"
कंबर आत घ्यायचे चाळीस, चेन बदलायचे साठ,
भिंतीवर सगळं लिहिलंय.
"उद्या बघू," म्हटलं.

शटर जुनं आहे, मधेच अडतं.
दोघांनी मिळून ओढलं.
पुडकं त्यानं काखेत धरलं होतं.